लोणार सरोवर : प्रवाशांच्या नोंदी व खाराचे कागद

इतिहाससंग्राहकांच्या दप्तरांत लढाईच्या पत्रास जो मान मिळतो, तो मिठाच्या पावतीस मिळत नाहीं. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांतील उमापूर-राक्षसभुवनाकडचा टापू घेतला, तर तेथील जुन्या रुमालांत आपण प्रथम १० ऑगस्ट १७६३ ची राक्षसभुवनची लढाई शोधतों. थोरले माधवराव, राघोबादादा, निजामअल्ली, विठ्ठल सुंदर यांपैकीं एखादें नांव दिसलें कीं तो कागद जपून ठेवतों, आणि त्याच रुमालांतला पीकपाण्याचा व पट्ट्यांचा हिशेब वाळवीच्या स्वाधीन करतों. ही चाल किती नुकसानीची आहे, हें त्या टापूंतून गोदावरी उतरून उत्तरेस गेल्यावर, जालन्याच्या पलीकडे बुलढाणा जिल्ह्यांत असलेल्या लोणार सरोवराच्या उदाहरणानें दाखवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

डोंगरांनीं वेढलेलें सरोवर म्हटलें म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें आल्प्स पर्वतांतील स्वित्झर्लंड-इटलीकडचीं तळीं उभीं राहतात. बर्फाच्या प्रचंड ओघांनीं दऱ्या कोरल्या, बर्फ वितळल्यावर त्यांत गोडें पाणी सांचलें, आणि हवापालट करूं इच्छिणारे लोक तेथें जाऊं लागले, असा त्यांचा थोडक्यांत इतिहास आहे. आपल्याकडे त्या तोडीचें म्हणून महाबळेश्वरच्या वेण्णा तळ्याचें नांव घेतात. पण तें साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनीं १८४२ मध्यें बांधविलेलें, म्हणजे मनुष्यकृत आहे. निसर्गानें घडविलेलें, चहूंबाजूंनीं कड्यांनीं वेढलेलें, आणि तरीही आल्प्समधील कोणत्याही तळ्याशीं ज्याचें गोत्र जुळत नाहीं, असें महाराष्ट्रांतील सरोवर एकच, आणि तें लोणारचें होय.

स्थळाची आकृति अशी. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या सपाट माळावर सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें एक वर्तुळाकार विवर आहे. त्याची कड भोंवतालच्या जमिनीहून सुमारें वीस मीटर उचललेली असून, कडेपासून पाण्यापर्यंत सुमारें एकशें सदतीस मीटर उतार आहे. तळाशीं सवा किलोमीटरच्या आंतबाहेर व्यासाचें हिरवट पाणी आहे. दुरून येणाऱ्या प्रवाशास या विवराची कांहींच चाहूल लागत नाहीं. शेतें संपतात न संपतात तोंच पायाखालीं जमीन तुटते आणि एकदम तो प्रचंड कटाह दृष्टीस पडतो. विवरास बाहेर पडणारी वाट नाहीं. पावसाचें व झऱ्यांचें पाणी आंत येतें, तें केवळ उन्हानें उडून जातें आणि त्यांत विरघळलेले क्षार मागें राहतात. ‘लोणार’ या नांवांतलें ‘लवण’ तें हेंच.

पुराणकथेनें या लवणास देह दिला. लवणासुर नांवाचा दैत्य येथील भुयारांत राहून लोकांस पीडा देत असे. विष्णूनें बालरूप धारण करून त्यास ठार मारिलें, आणि त्याच्या बिळावर पाणी भरून हें सरोवर झालें, असें स्थलमाहात्म्य सांगतात. गांवांतील दैत्यसूदनाचें देवालय या कथेचें पाषाणरूप आहे. गर्भगृहांत विष्णूच्या पायांखालीं दैत्य पडलेला आहे. देवळाचा तलविन्यास अनेक कोनांचा, बाहेरच्या भिंती मूर्तींनीं भरलेल्या आणि आंतील छतांवर पौराणिक प्रसंग कोरलेले, असा त्याचा थाट आहे. हेन्री कझिन्स यानें १९३१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या दख्खनच्या मध्ययुगीन देवालयांवरील ग्रंथांत लोणारच्या देवळांस स्थान दिलें आहे. येथील सर्वच देवळांस ‘हेमाडपंती’ म्हणण्याचा प्रघात आहे, तो मात्र जपून वापरावा. हेमाद्रि हा महादेव व रामचंद्र या यादव राजांचा, म्हणजे १२६१ नंतरचा अधिकारी. दैत्यसूदनासारखीं देवळें उत्तर चालुक्य व यादव या दोन्ही कालांच्या परंपरेंत बसतात. नांवावरून काल ठरविणें म्हणजे पागोट्यावरून वय ठरविण्यासारखें आहे.

लेखी पुराव्याकडे वळतां पहिला मान मराठीस मिळतो, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटानें संकलित केलेल्या लीळाचरित्रांत श्रीचक्रधर लोणारास असतां यादव राजा कान्हरदेव त्यांच्या भेटीस आल्याचा प्रसंग आहे. हा कान्हरदेव म्हणजे सुमारें १२४७ ते १२६१ या कालांत राज्य करणारा कृष्णदेव होय. संन्यस्त पुरुष आणि देवगिरीचा राजा या दोघांचेंही पाऊल ज्या गांवीं पडतें, तें गांव त्या काळीं आडवळणाचें खेडें नव्हतें, मोठ्या यात्रेचें क्षेत्र होतें, एवढें यावरून निश्चित होतें. महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिपींत बंद होते; त्यांचीं कुलुपें राजवाडे-भावे यांच्या पिढीनें उघडलीं. ज्या पंथानें स्थळांच्या दिशा व ठिकाणें टिपण्यासाठीं ‘स्थानपोथी’सारखा स्वतंत्र ग्रंथ रचला, त्याच्या पोथ्या स्थळसंशोधकानें केवळ भाषेसाठीं नव्हे, तर भूमीच्या साक्षीसाठींही वाचल्या पाहिजेत.

यानंतरची मोठी नोंद फारसींतील आहे. चांदबिबीनें १५९६ मध्यें वऱ्हाड अकबरास दिल्यावर तो सुभा मोगलांच्या जमाबंदींत आला, आणि अबुल फजलनें आईन-इ-अकबरींत वऱ्हाडच्या वर्णनांत मेहकर सरकाराखालीं लोणारचें वर्णन दिलें. त्याचा आशय असा : ब्राह्मण या क्षेत्रास विष्णुगया म्हणतात. येथें एक कोस लांब व एक कोस रुंद असें खोल तळें असून तें उंच डोंगरांनीं वेढलेलें आहे. त्याचें पाणी खारें आहे, पण मध्यावर किंवा कांठाशीं घेतलें असतां गोड लागतें. कांच व साबण करण्याचें द्रव्य तेथें मिळतें, सोराही निघतो आणि त्याचें चांगलें उत्पन्न येतें. डोंगराच्या माथ्यावर एक झरा असून त्याच्या मुखाशीं बैलाची आकृति कोरलेली आहे. सोमवारीं अमावास्या आली म्हणजे त्याचें पाणी मोठ्या तळ्यांत जातें.

हें वर्णन हातीं घेऊन आज लोणारास गेलें तर काय आढळतें, तें पाहूं. माथ्यावरील झरा म्हणजे गांवालगतची ‘धार’. गोमुखांतून तिचें पाणी बारमाही पडतें आणि यात्रेकरू तिच्याखालीं स्नान करितात. अबुल फजलच्या माहितगारानें पाहिलेला बैल तो हाच. कांठाशीं गोड पाणी, ही गोष्टही कपोलकल्पित नाहीं. विवराच्या उतारावर व तळाशीं गोड्या पाण्याचे झरे आहेत, आणि कमळजादेवीच्या देवळाजवळ ‘सासू-सुनेची विहीर’ म्हणून जी विहीर आहे, तिचें एका अंगाचें पाणी गोड व दुसऱ्या अंगाचें खारें, असें लोक सांगत आले आहेत. कोसाचें माप मात्र ढोबळ आहे. पाण्यास तर नाहींच, विवराच्या सबंध तोंडासही तें मोठें पडतें. ‘सोरा’ हा शब्दही तपासून घेतला पाहिजे. सोरा म्हणजे दारूस लागणारें पोटॅशचें लवण. लोणारचा खार हा सोड्याचा आहे. १९१२ मध्यें भूगर्भ खात्याच्या लाटूश यानें येथील भूरचनेवर निबंध लिहिला व त्यास ख्रिस्ती यानें सोड्याविषयीं टिपण जोडलें. त्यावरून ही गोष्ट स्पष्ट होते. कांच व साबण यांस सोडाच लागतो. म्हणजे व्यवहार बरोबर सांगितला, पण वस्तूचें नांव चुकलें. फारसी नोंदींत असें वरचेवर घडतें, म्हणून तिला जमिनीवर नेऊन ताडून पाहिल्यावांचून प्रमाण मानूं नये. आणि एका शब्दांत चुकली म्हणून सबंध टाकूनही देऊं नये.

या खाराचा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. उन्हाळ्यांत पाणी मागें हटलें म्हणजे कांठच्या चिखलावर पांढरी खपली धरते. ती खरवडून वाळवीत. कांहीं क्षार पाण्याखालच्या गाळांतून ढेपांच्या रूपानें काढीत. प्रतीप्रमाणें डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशीं त्यांस नांवें होतीं. साबण, कांच, रंगकाम यांस त्यांचा उपयोग होई. ध्यानांत ठेवण्याची गोष्ट एवढीच कीं, ज्या वर्षीं पाऊस कमी त्या वर्षीं पाणी उतरे, खारटपणा वाढे आणि कांठ उघडे पडून खपली अधिक धरे. ज्या वर्षीं तळें तुडुंब, त्या वर्षीं खाराची आशा कमी. शेतकऱ्याचें दुष्काळी साल हें खारवाल्याचें सुकाळी साल होऊं शके.

इंग्रजी अमदानींतील प्रवाशांच्या दृष्टीस निराळेंच कुतूहल लागलें. १८२३ मध्यें आलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें लोणारची दखल घेतली, आणि तेव्हांपासून हा खळगा कसा झाला, या प्रश्नाची चर्चा सुरू झाली. सर्व मुलूख ज्वालामुखीच्या रसाचा. म्हणून हें ज्वालामुखीचें तोंड असावें, किंवा आंतील वाफ फुटून जमीन खचली असावी, असे तर्क निघाले. १८७० मध्यें लायल यानें संपादिलेलें वऱ्हाडचें गॅझेटियर व १९१० चें बुलढाणा जिल्ह्याचें गॅझेटियर या दोहोंच्या काळीं हेच तर्क चालू होते. १८९६ मध्यें गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञानें आरिझोनांतील विवराची चर्चा करतांना लोणारशीं त्याचें साम्य दाखविलें. गंमत अशी कीं, त्या वेळीं त्यानें दोहोंचेंही जनकत्व वाफेच्या स्फोटाकडे दिलें, आणि पुढें दोन्हीं विवरें उल्केचीं ठरलीं. १९६४ मध्यें लाफाँ व डीट्झ यांनीं लोणार हें उल्काविवर असावें असें सुचविलें. नंतर तळाशीं भोकें पाडून खडकांचे नमुने काढण्यांत आले. प्रचंड आघातावांचून न होणारे काचीभवनाचे व भंगाचे प्रकार त्यांत सांपडले, आणि १९७३ मध्यें फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांच्या निबंधानें हा वाद बहुतांशीं मिटला. चंद्रावरील पुष्कळ भाग याच जातीच्या काळ्या पाषाणाचा असल्यामुळें चंद्राचे अभ्यासकही लोणारकडे वळले. वयाविषयीं मात्र मतभेद आहे. एका पद्धतीनें तें सुमारें बावन्न हजार वर्षें येतें, तर २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पद्धतीच्या गणितानें सुमारें पांच लक्ष सत्तर हजार वर्षें. दैत्य आकाशांतून आला कीं पाताळांतून, या जुन्या प्रश्नास शास्त्रानें आकाश हें उत्तर दिलें. किती काळापूर्वीं, याचें उत्तर अद्याप एक झालेलें नाहीं.

येथवर आपण पोथी, फारसी ग्रंथ व इंग्रजी अहवाल पाहिले. चौथें दप्तर पाण्याखालीं आहे. सरोवराच्या तळाशीं वर्षानुवर्षें बसत गेलेल्या गाळाचा सुमारें दहा मीटर लांबीचा स्तंभ काढून त्यावरून गेल्या सुमारें अकरा हजार वर्षांतील पर्जन्यमानाचा इतिहास भारतीय व जर्मन संशोधकांनीं वाचला, आणि तो २०१४ मध्यें प्रसिद्ध केला. पाणी फार आटलें म्हणजेच घडणारे गेलुसाइट नांवाचे स्फटिक त्या गाळांत दोन थरांत सांपडले. पैकीं एक थर आजपासून सुमारें चार हजार सहाशें ते तीन हजार नऊशें वर्षांपूर्वींचा, आणि दुसरा सुमारें दोन हजार ते सहाशें वर्षांपूर्वींचा आहे. इतिहासवाचकानें दुसऱ्या थराकडे पाहून थबकावें. चालुक्य व यादव यांचा सर्व काल, दैत्यसूदनाचें बांधकाम आणि चक्रधर-कान्हरदेव भेट ही सर्व त्या कोरड्या कालखंडांत येतात.

यावरून एक अनुमान संशोधकांपुढें ठेवावेंसें वाटतें. विवराच्या तळाशीं, अगदीं पाण्याच्या कांठानें, देवळांची रांग आहे. त्यांपैकीं कांहीं आज पाण्याच्या इतकीं समीप आहेत कीं तळें भरलें म्हणजे त्यांस धोका पोंचावा. जाणत्या स्थपतींनीं पायासाठीं अशी जागा कां निवडली? त्यांच्या वेळीं पाणी आजच्याहून बरेंच खालीं होतें व त्यांनीं कोरड्या, सुरक्षित जमिनीवर देवळें बांधलीं, असें मानल्यास गाळाचा पुरावा व दगडाचा पुरावा एकमेकांस मिळतात. देवळांच्या जोत्यांची उंची व त्यांवरील क्षाराच्या रेषा बारकाईनें मोजल्या, तर या अनुमानाची कसोटी लागेल. देवळें पाडून नवीं करण्याच्या किंवा सिमेंटनें सारवण्याच्या उत्साहांत या रेषा पुसल्या गेल्या, तर ती कसोटीच नाहींशी होईल.

लोणारास जाणाऱ्यानें काय पाहावें, हें यावरून सहज ठरतें. प्रथम गांवांत दैत्यसूदन पाहावें. मग धारेवर येऊन कडेवरून सर्व विवर एका दृष्टींत घ्यावें. नंतर पायवाटेनें खालीं उतरावें. उतारावर दाट झाडी आहे, मोरांचा केकारव ऐकूं येतो, आणि तळाकडे जातां जातां झाडांच्या जाती पट्ट्यापट्ट्यांनीं बदलत शेवटीं उघडा क्षारमय चिखल लागतो. कमळजादेवीची यात्रा नवरात्रांत भरते. त्या वेळीं हें निर्जन पात्र माणसांनीं गजबजतें. गांवांत मोठ्या मारुतीची निजलेली मूर्ति आहे, आणि मुख्य विवराच्या उत्तरेस थोड्या अंतरावर अंबर तळें नांवाचा लहान खळगा आहे. उल्केच्याच एका तुकड्यानें तो झाला असें कित्येकांचें मत आहे व कित्येकांस तें मान्य नाहीं. पश्चिम आफ्रिकेंत घाना देशांत बोसुमत्वी नांवाचें असेंच उल्काविवरांतील सरोवर आहे आणि अशांटी लोक त्यास पवित्र मानतात. आकाशांतून पडलेल्या आघाताच्या जागीं दोन दूरच्या लोकांनीं देवस्थान मानावें, यांत नवल नाहीं. भूमीचें असाधारण रूप मनुष्यास प्रथम नमस्कार करावयास लावतें आणि मग मोजमाप करावयास.

जून २०२० मध्यें लोणारचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें, तेव्हां पुष्कळांनीं तो चमत्कार मानिला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाणी तपासून क्षारप्रिय सूक्ष्म जीवांच्या वाढीमुळें हा रंग आल्याचें सांगितलें. पाणी उतरून खारटपणा वाढला, म्हणजे हे जीव बळावतात. पाऊस पडतांच रंग ओसरला. त्याच वर्षीं सरोवराची गणना रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांत झाली. भूवैज्ञानिक स्मारक म्हणून तें १९७९ पासून व अभयारण्य म्हणून २००० पासून नोंदलेलें आहे. पदव्या पुष्कळ मिळाल्या. पण गांवचें सांडपाणी व आसपासचें गोडें पाणी आंत उतरूं लागल्यास या पाण्याचा क्षारधर्म बदलेल, आणि तो बदलला म्हणजे त्यांतील जीवसृष्टि व तळाच्या गाळाची लिपि हीं दोन्हीं बिघडतील. सरोवराचें नैसर्गिक मान कोणतें, आणि मनुष्यानें केलेला फेरफार कोणता, हें ठरविण्यास मोजणीपूर्वींच्या काळांतील पाण्याची चढउतार ठाऊक पाहिजे. येथें इतिहाससंग्राहकांचें काम सुरू होतें.

गाळाचा स्तंभ शतकांची गोष्ट सांगतो. त्याला एकेका सालाची गोष्ट सांगतां येत नाहीं. ती सांगणारा साक्षीदार म्हणजे खाराचा हिशेब. लोणारच्या खाराचें उत्पन्न आईनांत नमूद आहे, म्हणजे सरकारचा त्यावर हात होता. पुढें वऱ्हाडांत निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल झाला. १८०३ च्या देवगांवच्या तहानें भोसल्यांचा हात निघाला, आणि १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं गेलें. जेथें दोन धनी वाटणी घेतात, तेथें हिशेबही दोन ठेवावे लागतात. मोगल अमदानीचीं दख्खनचीं दफ्तरें हैदराबादेस आहेत, वऱ्हाड-नागपूरकडील दफ्तरें नागपुरास आहेत. पण मक्तेदार, देशमुख, देशपांडे, सावकार व उदमी यांच्या घरचीं बाडें मेहकर, सिंदखेड, जालना, बीड या सर्व मुलुखांत पसरलेलीं असणार. उमापुराकडचा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता, आणि १८५३ पर्यंत लोणारही त्याच दौलतींत होतें. तेव्हां गोदातीरच्या वाड्यांतील रुमालांत लोणारच्या खाराचा जमाखर्च निघाला, तर त्यांत आश्चर्य वाटूं नये.

म्हणून संग्राहकांस विनंति एवढीच कीं, मोडी रुमाल सोडतांना खार, पापडखार, डल्ला, साबण, मक्ता हे शब्द दिसले, तर तो कागद ‘किरकोळ’ म्हणून बाजूस टाकूं नये. साल, मण व रुपये या तीन रकान्यांचीं वीस पानें सलग मिळालीं, तर खार कोणत्या सालीं भरपूर निघाला व कोणत्या सालीं बुडाला हें कळेल. मक्त्याची बोली आधींच ठरलेली असल्यास ती सोडून प्रत्यक्ष उताऱ्याचा आंकडा घ्यावा, आणि अमदानी बदलली कीं मणाचें माप बदलतें, ही सावधगिरी बाळगावी. मग त्या सालांस दुष्काळाच्या नोंदींशीं लावून पाहतां येईल. राक्षसभुवनीं कोण जिंकलें हें आपणांस शंभर कागद सांगतात. त्या वर्षीं लोणारचें पाणी कोठवर होतें, हें सांगणारा एक कागद कोणाच्या तरी माळ्यावर असेल, तर तो पुढील पावसाळ्यापूर्वीं खालीं काढावा.